दुसरा कोस

त्या मुलखात रस्ते घोड्यांचे होते आणि ओझी गाढवांची. हे कधी ठरले ते कोणाला ठाऊक नव्हते. ज्यांना विचारावे ते घोडे म्हणत, असेच असते. आणि ज्यांनी विचारावे त्या गाढवांजवळ ओझे उतरल्यावर विचारण्याइतका दम उरत नसे. घोडे स्वतःला शूर म्हणवीत. त्यांचा हरभरा, त्यांची खोगिरे, त्यांचे नाल, इतकेच काय, त्यांच्या पराक्रमाची वर्णने कोरलेले तांब्याचे पत्रेसुद्धा गाढवांच्या पाठीवरून जात, आणि पराक्रमी मंडळी मोकळ्या पाठीने पुढे दुडकत असत. मोकळी पाठ हेच तिथे खानदानीपणाचे लक्षण मानले जाई.

वेठीला कायदा मात्र होता, कारण घोड्यांना कायद्याची भारी हौस. कोणत्याही घोड्याने कोणत्याही गाढवाला वाटेत धरावे, पण एकच कोस. कोसाकोसाला रस्त्याच्या कडेला धोंडा पुरलेला असे. धोंडा आला की त्या गाढवाचे ओझे उतरवायचे आणि पुढच्या कोसाला दुसरे गाढव धरायचे. यात दया नव्हती. मेलेले गाढव दुसऱ्या दिवशी उपयोगी पडत नाही, एवढे घोड्यांनाही कळत होते.

या मुलखात फार पूर्वी एक गाढव होऊन गेले. त्याचे नाव घेण्याची चाल नव्हती. सगळे त्याला थोरला म्हणत. थोरला म्हणाला होता, "कोणी एक कोस वेठीला धरले, तर दुसरा कोस आपणहून चाला." आणि तो स्वतः तसा चालला होता. त्याच्याविषयी याहून नक्की माहिती एवढीच होती, की असा चालू लागल्यावर थोड्याच दिवसांनी घोड्यांनी त्याला एका टेकडीवरच्या अरुंद वाटेत गाठले आणि खुरांखाली तुडवून मारले. दुप्पट काम करणारे इतके गोड स्वभावाचे गाढव घोड्यांनी मारावे का, हा प्रश्न पुढे कित्येक पिढ्या कोणाला पडला नाही. गाढवांना पडला नाही याचे नवल नाही. खेचरांना मात्र तो पडला असणार, आणि पडल्याबरोबर त्यांनी तो जपून बाजूला ठेवला असणार.

कारण थोरल्याचे बोलणे समजावून सांगण्याचे काम खेचरांकडे होते. खेचराचा बाप गाढव आणि आई घोडी, त्यामुळे त्यांना दोन्ही भाषा येत, म्हणून त्यांना दुभाषे म्हणत. गाढवांच्या वस्तीत आले की ते बापाचे नाव सांगत, पागेत गेले की आईचे. खेचरांना पोरेबाळे होत नाहीत. हे त्यांच्या शरीराचे वैगुण्य. पण त्यांनी ते आपले व्रत म्हणून सांगितले आणि साऱ्या मुलखाने ते भक्तिभावाने मान्य केले. दर सातव्या दिवशी ते अंगावर पांढरी झूल घेऊन वस्तीच्या मैदानात उभे राहत आणि अर्थ सांगत. अर्थ असा, की पहिला कोस घोड्यांचा, कारण तो कायदा आहे. आणि दुसरा कोस गाढवाचा स्वतःचा, कारण ती भक्ती आहे. जे दुसऱ्या धोंड्यापर्यंत ओझे नेते त्याला मेल्यावर कुरण मिळते, जिथे ओझे नाही. जे मध्येच ओझे टाकते त्याच्या वाट्याला न संपणारा कोस येतो, आणि त्या कोसाला पाणी नाही. गाढवे हे ऐकत आणि कान पाडून घरी जात.

पुढे शंभरएक वर्षांनी घोड्यांच्या राजालाही थोरल्याचा पुळका आला. दर सातव्या दिवशी पागेतले यच्चयावत घोडे लोकरीच्या नमद्याचे गाढवासारखे लांब कान डोक्याला बांधून मैदानात येऊ लागले. ते डोळे मिटत, मान हलवत, आणि कार्यक्रम आटोपला की कान काढून खुंटीला अडकवत. एकदा एका म्हाताऱ्या गाढवाने भीत भीत विचारले, "या शिकवणुकीत घोड्यांचं काही काम मिसळलंय का?" तेव्हा मोठे दुभाषे खूप हसले. "धर्मात राजकारण आणू नये," ते म्हणाले. "थोरल्याने सांगूनच ठेवले आहे, घोड्याचे ते घोड्याला द्या आणि आभाळाचे ते आभाळाला." मग वाटणी करून पाहिली, तेव्हा रस्ते, पाणी, गवत आणि गाढवांच्या पाठी घोड्यांच्या निघाल्या. आभाळाच्या वाट्याला आभाळ आले. ते म्हातारे गाढव समाधान पावून परत गेले, यावरून ते किती गाढव होते ते दिसते.

असे सगळे सुरळीत चालले असताना घोड्यांची नदीपलीकडच्या घोड्यांशी लढाई जुंपली. नदी वीस कोसांवर. दाणा आणि लोखंड तिथवर न्यायचे, तर कोसाकोसाला, निदान दोन-दोन कोसांना ताजी गाढवे हवीत, आणि एवढी गाढवे मुलखात नव्हती. तेव्हा फौजेचा नाईक अबलखराव मोठ्या दुभाष्यांकडे आला. दुभाष्यांचे नाव शुभ्रकर्ण होते. त्यांचे कान मुळात मातकट. पण ते त्यांना रोज चुना लावून घेत.

"कायदाच बदलून टाकतो," नाईक म्हणाला. "एका कोसाचे वीस कोस. सरळ हुकूम."

"हुकूम केलात तर गाढवे मोजू लागतील," शुभ्रकर्ण म्हणाले. "मोजणारे गाढव वाईट, नाईक. कायदा आहे तसा राहू द्या. किती दयाळू कायदा आहे! दुसऱ्या कोसाला कायदा नाही, तो आमच्याकडे असतो. आणि तो धोंड्यापाशी संपतो."

"मग?"

"मग धोंडाच तुमच्या पुढे चालेल."

नाईकाला हे कळायला बराच वेळ लागला. कळल्यावर तो असा खिंकाळला, की पागेतल्या माश्या उडाल्या.

त्याच आठवड्यात नदीच्या वाटेवरचा दुसरा, थोरल्याचा म्हणून मानलेला धोंडा खणून काढला. त्याला आंघोळ घातली, मिठाच्या पाण्याने पुसला. मिठामुळे गाढवे तो आवडीने चाटत आणि थोरल्याच्या घामाची चव लागते म्हणून डोळे पुसत. सातव्या दिवशी शुभ्रकर्णांनी जाहीर केले, की या धर्मयुद्धात थोरल्याचा धोंडा स्वतः पुढे चालणार आहे. धोंडा थांबेल तिथे दुसरा कोस संपेल, ओझी उतरतील. नदीपलीकडची गाढवेही थोरल्याचीच होती, आणि तिकडची खेचरेही त्याच दिवशी तेच वचन सांगत होती. ही गोष्ट मैदानात कोणी काढली नाही.

धोंडा वाहणाऱ्यासाठी दुभाष्यांनी हौसेने नियम केले. पाठीवर धोंडा असेल त्याला कोणत्याही घोड्याने खूर लावायचा नाही, वाट अडवायची नाही. सगळ्या रांगेने त्याच्या मागून मान खाली घालून चालायचे, आणि जो रांग सोडील त्याला न संपणारा कोस. नुसता मान द्यायचा असला की हात आखडता कशाला घ्या, असा तो मामला होता. एवढे झाल्यावर या मानासाठी रानोबा नावाच्या गाढवाची निवड झाली.

रानोबा म्हातारा होता आणि त्याला दम्याचा विकार होता. धडधाकट गाढवे हरभऱ्याच्या गोण्यांना लागणार, म्हणून धोंड्याला रानोबा. पण त्याला तसे सांगितले नाही. त्याला सांगितले, की उभ्या जन्मात तू एकदाही 'का' म्हणून विचारले नाहीस, त्याचे हे फळ. रानोबाला रडू आले. जन्मभर गुमान राहण्याचे कोणी कौतुक करील असे त्याला वाटले नव्हते.

त्याची बायको भुरकी. तिला मात्र एक खोड होती. पागेच्या भिंतींना ओढ्यावरून माती वाहून नेताना तिला पावले मोजण्याची सवय लागली होती. चार हजार पावले म्हणजे एक कोस, हे तिला कोणी शिकवले नव्हते, पायांनी शिकवले होते. नवऱ्याला मिळालेला मान ऐकून तिने मनात नदीपर्यंतचे कोस मोजले. घरात दहा पावले चालले तरी छाती भात्यासारखी होणारे हे म्हातारे नदीपर्यंत कसे पोचणार?

"अवो, न्हाई म्हणा," ती म्हणाली. "दोन कोसांच्या वर तुमची छाती न्हाई चालायची."

"दोनच तर कोस हायेत, भुरके," रानोबा म्हणाला. "धोंडा आला की संपलं."

"धोंडा तुमच्याच पाठीवर हाय की!"

"म्हंजे जवळच न्हाई का झाला?"

भुरकीने आपल्या दोन गोण्या लादून घेतल्या आणि त्याच्या मागोमाग जागा धरली.

रांग सकाळी निघाली. पुढे रानोबा, पाठीवर जरतारी झुलीखाली धोंडा. त्याच्या नाकातली दोरी शुभ्रकर्णांच्या तोंडात. मागे दोनशे गाढवे, आणि आजूबाजूला मोकळ्या पाठीचे घोडे. चार हजार पावलांवर पहिला धोंडा आला, तो जागच्या जागी होता. आठ हजार पावलांवर वाटेच्या कडेला एक ताजा खड्डा होता. त्याच्या शेजारी विहीर आणि पाण्याने भरलेला दगडी हौद. थोरला जिथे स्वतःच्या मर्जीने थांबत असे ती हीच जागा, असे म्हणत. गाढवांनी खड्ड्यापुढे मान वाकवली आणि ती ओझ्यासकट पुढे गेली. हौदाकडे पाहायला कोणाला सवड झाली नाही.

तिसरा कोस गेला. चौथा गेला. ऊन तापले. रानोबाच्या छातीतून शीळ वाजू लागली, आणि ती भुरकीला प्रत्येक पावलाबरोबर ऐकू येत होती. एरवी ती पावले मोजे. आता पावलांबरोबर ती शीळही मोजू लागली. आपला नवरा आपल्या डोळ्यांपुढे मरतो आहे आणि तो खुशीने मरतो आहे, याचा तिला राग आला.

पाचव्या कोसात ती त्याच्या कानाशी आली.

"अवो, बसा खाली," ती म्हणाली. "तुमी बसला की धोंडा थांबला. धोंडा थांबला की कोस संपला. त्यांनीच सांगितलंय न्हवं? सगळ्यांची वझी उतरतील. बसा तुमी."

रानोबाने तिच्याकडे असे पाहिले, की जणू तिने त्याला चोरी करायला सांगितली.

"म्या कोण कोस संपवणारा?" तो म्हणाला, आणि एवढे बोलायला त्याला तीनदा श्वास घ्यावा लागला.

मग ती शुभ्रकर्णांकडे गेली. दुभाषे दोरी एका बाजूच्या दातांत धरून घोड्यांनी पाठवलेला ओला हरभरा चघळत चालले होते.

"बाबा, दोन कोस कवाच झालं," भुरकी म्हणाली. "वीस हजार पावलं हुतील आता. म्या मोजल्यात."

"मोजणे म्हणजे अविश्वास, लेकी," दुभाषे म्हणाले. "थोरल्याने काय पावले मोजली होती?"

"त्यो कुटं थांबायचं ते त्याचं त्यो ठरवायचा, असं म्हंत्यात."

"कोण म्हणते?" दुभाष्यांनी चघळणे थांबवले.

"असंच, वस्तीत म्हंत्यात. एक इचारू का, बाबा? थोरला ह्ये आमच्यासाठी बोलला का घोड्यांसाठी?"

"थोरला सर्वांसाठी बोलला. त्याला सगळे सारखे."

"मग घोडी दुसरा कोस कवा चालत्यात?"

शुभ्रकर्णांना हसू आले. प्रश्न बालिश होता आणि उत्तर त्यांच्या जिभेवर तयार होते. "वेडी गं वेडी," ते म्हणाले. "घोड्यांना पहिलाच कोस नाही, तर दुसरा कुठून येणार?"

आजूबाजूच्या गाढवांनीही हसून घेतले. मोठ्यांच्या विनोदाला हसण्याची तिथे रीत होती. एका गाढवाने तर भुरकीला म्हटले, "वैनी, असं आडवं बोलू नये. कुरण जातं हातचं." ते गाढव तीन गोण्यांखाली होते आणि त्याच्या मांडीवरचे चामडे घासून लाल झाले होते. भुरकी आपल्या जागेवर परत गेली.

सहाव्या कोसाच्या शेवटी रानोबा पडला. ठेच लागली नाही, दगड आला नाही. छातीतली शीळ थांबली आणि पुढचे पाय दुमडले. जरतारी झूल सरकली, धोंडा घरंगळून वाटेच्या मधोमध येऊन बसला. रांग थांबली. पुढची आठ-दहा गाढवे धोंड्याकडे पाहू लागली. धोंडा थांबला होता. एकाने हळूच गुडघे वाकवले, मग दुसऱ्याने. एक गोणी खाली टेकलीसुद्धा.

"खबरदार!" शुभ्रकर्ण ओरडले. "धोंडा पडला आहे. ठेवलेला नाही."

गुडघे सरळ झाले. टेकलेली गोणी ज्याची होती त्याने ती दोन शेजाऱ्यांच्या मदतीने पुन्हा पाठीवर घेतली आणि चूक झाली म्हणून कान पाडले. दोनशे गाढवे. प्रत्येकाला एक तोंड, चार खूर आणि जबड्यात दात होते, आणि त्या भर उन्हात त्यांना पडलेल्या आणि ठेवलेल्या धोंड्यातला फरक पटला.

भुरकी नवऱ्यापाशी गेली. त्याच्या नाकाशी फेस होता, पोट थोडे थोडे हलत होते. तो जिवंत होता. तिने त्याच्या तोंडाला नाक लावले तर ते तापल्या दगडासारखे कोरडे. त्याला पाणी हवे होते, आणि मागचा हौद चार कोसांवर होता. पुढे नदीपर्यंत पाण्याचा टिपूस नव्हता, आणि नदी चौदा कोसांवर.

नाईक अबलखराव भरधाव आला. "काय खोळंबा आहे? हे म्हातारे ओढा बाजूला. दुसरे घ्या एखादे."

"म्या घेतो," म्हणत चार तरणी गाढवे पुढे झाली आणि मानासाठी एकमेकांना लाथा मारू लागली.

"यांना कोन बघनार?" भुरकीने विचारले.

"थोरला बघेल," शुभ्रकर्ण म्हणाले.

भुरकी उभी राहिली. तिने नवऱ्याकडे पाहिले, आल्या वाटेकडे पाहिले, आणि मग धोंड्याकडे पाहिले. तिचा राग कुठे गेला कोण जाणे. आवाज अगदी साधा झाला.

"बाबा, धोंडा मला द्या. म्या नेते."

शुभ्रकर्णांचे डोळे चमकले. असा प्रसंग रोज येत नाही. ते उंच आवाजात सगळ्या रांगेला म्हणाले, "पाहा! नवरा पडला, आणि ही रडत बसली नाही. हिने ओझे मागून घेतले. याला म्हणतात दुसरा कोस!" रांगेतून वाहवा उठली. नाईकानेही मान डोलावली. कान बांधलेले नव्हते तरी डोलावली. भुरकीच्या गोण्या त्या चार तरण्या गाढवांत वाटून टाकल्या. कधी नव्हे ते दोन खेचरांनी स्वतः खांदा लावला आणि धोंडा तिच्या पाठीवर चढवला. वर जरतारी झूल आली. शुभ्रकर्णांनी रानोबाच्या नाकातली दोरी सोडवून तिच्या नाकाकडे नेली.

"दोरी कशाला?" भुरकी म्हणाली. "दुसरा कोस भक्तीचा न्हवं? भक्तीला दोरी लागत न्हाई."

हे ऐकून पुन्हा वाहवा झाली. एवढ्या वाहवेत दोरी बांधणे बरे दिसेना. दुभाष्यांनी ती आपल्या गळ्यात अडकवून घेतली.

भुरकी नवऱ्यापाशी वाकली. "उठा," ती हळूच म्हणाली. "धोंडा निघाला."

आणि ती वळली. नदीकडे पाठ केली आणि आल्या वाटेने चालू लागली.

"लेकी, वाट इकडे आहे," शुभ्रकर्ण म्हणाले.

"पैला कोस घोड्यांचा हुता, बाबा. त्यो मघाच झाला," भुरकी न थांबता म्हणाली. "ह्यो माझा. तुमीच सांगता दर सातव्या दिशी. माझा हाय तर कुटं चालायचं ते म्या बघते."

रानोबाने डोळे उघडले. धोंडा आपल्याला सोडून चालला आहे, एवढेच त्याला दिसले. जन्मभर तो धोंड्याच्या मागे चालायलाच शिकला होता, दुसरे काही शिकला नव्हता. तो कसाबसा पायांवर उभा राहिला आणि मोकळ्या पाठीने तिच्यामागे निघाला. त्याच्यामागे ती चार तरणी गाढवे वळली. त्यांच्यामागे त्यांच्यामागची. कोणी बंड केले नाही, कोणी विचार केला असेही नाही. धोंडा जाईल तिकडे मान खाली घालून जायचे, हे त्यांना सांगितलेले होते, आणि ती सांगितलेले करीत होती. बघता बघता दोनशे गाढवांची रांग, फौजेचा सगळा हरभरा, सगळे नाल, सगळे लोखंड आणि पराक्रमाचे तांब्याचे पत्रे घेऊन लढाईच्या उलट दिशेला चालू लागली.

"थांबव तिला!" नाईक ओरडला.

"कसे थांबवू?" शुभ्रकर्ण म्हणाले. त्यांचा चुना घामाने ओघळत होता. "ती थांबली तर धोंडा थांबेल, आणि तो पडलेला म्हणता यायचा नाही. सगळी गाढवे इथेच ओझी टाकतील. मग एकही उचलणार नाही."

"मग रांगेला सांग, परत फिरा."

"रांग सोडली तर न संपणारा कोस, हे मीच सांगितले आहे. आज सांगतो की ते खोटे होते, मग उद्या माझे कोण ऐकेल? आणि नाईक, माझे ऐकले नाही तर तुमचे कोण ऐकेल?"

तेव्हा नाईक अबलखराव भुरकीच्या बाजूने पळू लागला. खूर लावायचा नाही, वाट अडवायची नाही. तो नुसताच पळत होता आणि बोलत होता. आधी तो दरडावून बोलला. मग समजुतीने बोलला. मग म्हणाला, "भुरकाबाई, जरा ऐका. खाली ठेवा ते. तुम्हाला एवढे ओझे कशाला? पाठ दुखेल. आम्ही तुम्हाला हिरवा हरभरा देऊ, रोज देऊ." त्याच्या घराण्यात आजवर कोणी गाढवीला अहोजाहो केले नव्हते. भुरकी हसली नाही, रागावली नाही. तिने त्याच्याकडे वळून पाहिले, सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिले, आणि सोयरे वाटेत भेटल्यावर म्हणावे तसे म्हणाली, "चला की तुमीबी. पानी हाय तिथं."

नाईक जागच्या जागी उभा राहिला. गाढवाने डोळ्यांत पाहिल्याचा त्याला अनुभव नव्हता. त्याच्यामागे इतर घोडेही थांबले, आणि त्यांच्यापुढून सगळी रांग, गोणीमागून गोणी, धुरळा उडवीत निघून गेली. आता रांगेतली काही गाढवे माना वर करून चालली होती. पाण्याचा शब्द मागपर्यंत पोचला होता.

घोड्यांपैकी एकाने पुढचा खूर जमिनीवर आपटला. मग दुसऱ्याने. नाईकाने शुभ्रकर्णांकडे पाहिले, आणि नाईकाला काय हवे आहे ते दुभाष्यांना भाषांतराशिवाय कळले.

"धोंडा पाठीवर असताना खूर लावायचा नाही," शुभ्रकर्ण सावकाश म्हणाले. "पण हौदापाशी ती तो उतरवीलच. घाई करू नका. सगळ्यांसमोर काही नको. तिथून वस्तीकडे परतताना टेकडीवरची वाट अरुंद आहे."

घोडे निमूटपणे लांबच्या वळणाने टेकडीकडे निघाले. शुभ्रकर्णांनी झूल झटकली, ओघळलेला चुना पुसला आणि राहिलेल्या खेचरांना जवळ बोलावले. दूर उतारावर भुरकी अजून दिसत होती. तिच्या मागे म्हातारा, त्याच्या मागे गोण्याच गोण्या, आणि सगळे पाण्याच्या दिशेने झपाझप चालले होते. दुभाष्यांनी तिकडे थोडा वेळ पाहिले. मग डोळे मिटले आणि मैदानातला आपला गोड आवाज लावला.

"पाठ करा," ते म्हणाले. "भुरकी नावाची एक गाढवी होऊन गेली."

खेचरांनी एका सुरात म्हटले, "भुरकी नावाची एक गाढवी होऊन गेली."

"ती फार आज्ञाधारक होती."